आयोवाच्या शेतकऱ्यानं आधी ओबामाला आणि मग ट्रम्पला मत दिलं, हे गणित कोणी सोडवून सांगेल का?

नेरचा कृषीवाला:

राम राम मंडळी. माझं नेर तालुक्यात (जि. यवतमाळ) खत-बियाण्याचं दुकान आहे. दुकानासमोरच्या बाकावर दुपारनंतर जी मंडळी बसते तिला गावात 'पार्लमेंट' म्हणतात. शिकागोला सोयाबीन कितीवर निघालं हे मोबाईलवर बघायची सवय लागल्यापासून अमेरिका आमच्याकडे रोजचीच झाली आहे.

परवा तिथं वाद पेटला. एक जण म्हणाला, २००८ ला काळा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हाच तिथला वर्णद्वेष खतम झाला, आता उगाच रडगाणं चालू आहे. दुसरा म्हणाला, खतम झाला असता तर आठ वर्षांत ट्रम्प कुठून आला? दोघंही इरेला पेटले. जाताना चहाचे पैसेही कोणी दिले नाहीत, ते माझ्या खात्यावर.

मी रात्री शोधाशोध केली तर डोकं आणखीच फिरलं. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरांचं राज्य. शंभरात ऐंशीच्या वर गोरे. तिथं २००८ आणि २०१२ ला डेमोक्रॅट पक्षाचे ओबामा जिंकले. २०१६, २०२० आणि २०२४ ला रिपब्लिकन पक्षाचे ट्रम्प. राज्यात ९९ काउंट्या आहेत (आपल्या जिल्ह्यासारखं समजा, पण आकारानं लहान), त्यातल्या ३१ काउंट्या ओबामाला दोनदा मत देऊन २०१६ ला ट्रम्पकडे गेल्या. त्यातली हॉवर्ड काउंटी तर कमालच आहे. २०१२ ला ओबामा २० टक्क्यांहून जास्त फरकानं पुढे, २०१६ ला ट्रम्प तेवढ्याच फरकानं पुढे. तिथलं मुख्य गाव क्रेस्को. हरितक्रांतीवाले नॉर्मन बोरलॉग त्या गावच्या शाळेत शिकले, हे वाचून मला तर पाहुण्याच्या गावाबद्दल वाचल्यासारखं झालं.

आता हा क्रेस्कोचा शेतकरी २०१२ ला चांगला होता आणि २०१६ ला वर्णद्वेषी झाला का? की आधीपासून तसाच होता आणि तरी ओबामाला मत दिलं? की रंगाचा इथं संबंधच नाही? 'राजकारण असंच असते' असली उत्तरं नको जी, ती मला बाकावर फुकट मिळतात.

पांढरं सोनं:

भाऊ, एवढं डोकं कायले खपवता? शेतकरी हाय तो. २००८ ले मंदी आली, ज्याची सत्ता होती त्याले पाडलं. २०१६ ले मका-सोयाबीनचे भाव बसले होते, पुन्हा सत्तेवाल्याले पाडलं. आपल्याकडं दुसरं काय होते? रंग-बिंग हे शहरातल्या शिकेल लोकायचे चोचले.

सेलूची सून:

पांढरं सोनं भाऊ, भाव बसले ते काळ्या शेतकऱ्याचेही बसले. तो नाही गेला ट्रम्पकडे. तेव्हा नुसत्या पोटावर हे सुटणार नाही.

माझे मिस्टर सोयाबीनच्या वाणांवर काम करायचे, म्हणून आम्ही २००६ पासून २०१७ पर्यंत आयोवात, एम्सला होतो. मला डिपेंडंट व्हिसा, नोकरी करायची मुभा नाही, त्यामुळे माणसं बघणं हाच माझा उद्योग. मिस्टरांच्या विद्यापीठातच जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकले, तिथले पहिले काळे विद्यार्थी आणि पुढे पहिले काळे अध्यापक. गुलामीत जन्मलेला माणूस. कॅन्ससमधल्या एका कॉलेजनं पत्रानं प्रवेश दिला आणि समोर उभं राहिल्यावर काळा दिसला म्हणून परत पाठवला. आयोवानं घेतला. ही गोष्ट तिथं प्रत्येक जण पाहुण्याला ऐकवतो, इमारतीला त्यांचं नाव आहे ती दाखवतो. अभिमान खराच आहे, त्यात खोट नाही. पण कार्व्हर तिथं एकटे होते, म्हणून तो अभिमान स्वस्तात पडला असंही मला वाटायचं.

आता कॉकस. उमेदवार निवडायची आयोवाच्या डेमोक्रॅट पक्षाची तेव्हाची रीत अशी होती: चिठ्ठी नाही, पेटी नाही. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं. ज्याच्या कोपऱ्यात साधारण १५ टक्केही माणसं नाहीत तो कोपरा मोडायचा आणि त्यातल्या माणसांनी दुसरीकडे जायचं. आमच्या शेजारी एक आजी होत्या, शेतकऱ्याची विधवा, जमीन पुतण्याला कसायला दिलेली. ३ जानेवारी २००८ ला त्या मला 'चल, आमची लोकशाही दाखवते' म्हणून घेऊन गेल्या. बाहेर गाल फाटतील अशी थंडी. आत प्राथमिक शाळेचं जिम, भिंतीवर मुलांनी काढलेले पेंग्विन, आणि कोपऱ्याकोपऱ्यात शेजारीपाजारी.

आजी आधी जो बायडन यांच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. तिथं मोजकीच डोकी, कोपरा मोडला. मग सगळेच त्यांना बोलवायला लागले, हिलरीवाल्या बायका तर हात धरून ओढत होत्या. आजींनी दोन मिनिटं विचार केला, पर्स काखेत मारली आणि ओबामांच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्या रात्री ओबामा राज्यात पहिले आले, हिलरी तिसऱ्या. परतताना गाडीत मी विचारलं, का हो? त्या म्हणाल्या, 'मुलगा हुशार आहे, सभ्य आहे. आणि तो त्या बाकीच्यांसारखा नाही.'

बाकीचे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण याच आजी डे मॉइनच्या (आयोवाची राजधानी) एका वस्तीतून जाताना गाडीच्या दाराचं लॉक दोनदा तपासायच्या.

कृषीवाले भाऊ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या गाडीत आहे असं मी समजते. काळ्या माणसाला मत देणं आणि काळ्या लोकांबद्दल मनात अढी असणं, दोन्ही एकाच पर्समध्ये मावतं. आपल्या गावात बघा ना. राखीव जागेच्या सरपंचाला मत दिलं, हार घातला, मिरवणुकीत नाचले. त्याच्या घरी जेवायला बोलावलं की घरातल्या बायांना तेव्हाच उपास येतो.

उरलेलं अर्धं म्हणजे निवडणुकीत प्रश्न काय विचारला जातो ते. २००८ ला ओबामांनी रंगाचा विषय होता होईल तो बाजूला ठेवला. त्यांच्या चर्चचे पाद्री जेरेमाया राइट यांची भाषणं टीव्हीवर फिरायला लागली तेव्हा नाइलाज झाला. १८ मार्चला फिलाडेल्फियात ते भाषण केलं, त्यात आपली गोरी आजी रस्त्यात काळे पुरुष दिसले की घाबरते हेही सांगितलं. आमच्या आजींनी ते भाषण टीव्हीवर ऐकलं आणि नंतर बराच वेळ भांडीच घासत बसल्या. लोकांना भीती होती ती ब्रॅडली इफेक्टची. टॉम ब्रॅडली लॉस एंजलिसचे काळे महापौर. १९८२ ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते, बहुतेक कौल त्यांच्या बाजूनं, आणि प्रत्यक्षात लाखभरापेक्षा कमी मतांनी हरले. लोक तोंडावर एक सांगतात आणि पडद्यामागे दुसरं करतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. आयोवात पडदाच नव्हता. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरला, जिथं पडदा होता, कौल ओबामांचा असताना हिलरी जिंकल्या, तेव्हा पुन्हा ब्रॅडलीचं नाव निघालं. पण नोव्हेंबरमध्ये ते भूत काही आलं नाही. मतदानोत्तर पाहणीत ओबामांना गोऱ्यांची ४३ टक्के मतं दिसली. २००४ ला डेमोक्रॅटांचे उमेदवार जॉन केरी यांना, जे गोरेच होते, ४१ होती. मात्र आर्कान्सा, टेनेसीपासून वेस्ट व्हर्जिनियापर्यंतच्या डोंगरपट्ट्यात ओबामा केरीपेक्षाही मागे पडले. म्हणजे रंग नडला, पण सगळीकडे सारखा नाही.

मग आठ वर्षं काळा माणूस टीव्हीवर रोज दिसला, आणि 'हा अमेरिकेत जन्मलाच नाही' ही आवई रोज उठली. ती पुढे रेटणाऱ्यांत ट्रम्प सर्वांत मोठ्यानं बोलत होते. २७ एप्रिल २०११ ला राष्ट्राध्यक्षाला आपला जन्मदाखला काढून दाखवावा लागला! जातीचा दाखला काढायला तहसीलला चकरा मारलेल्यांनी यावर विचार करावा. याच काळात वर्णाबद्दलची मतं आणि पक्ष यांची गाठ घट्ट होत गेली, असं तिथले अभ्यासक सांगतात. आधी ज्या गोऱ्या शेतकऱ्याला कोणता पक्ष कोणाचा हे फारसं पडलेलं नव्हतं, त्याला आता ते रोज कळत होतं.

आणि आयोवात तोवर काळ्यांपेक्षा दुसराच विषय आला होता. मार्शलटाउन, डेनिसन, स्टॉर्म लेक या गावांत मांस कारखान्यांत काम करायला मेक्सिको, ग्वाटेमालाची माणसं आली होती. पोस्टव्हिल नावाच्या खेड्यात मे २००८ मध्ये एका कारखान्यावर छापा पडला, ३८९ माणसं एका दिवसात पकडली. आजींचा पुतण्या ओबामाला दोनदा मत दिलेला. २०१६ च्या उन्हाळ्यात अंगणात मक्याची कणसं भाजताना तो मला सांगत होता की मार्शलटाउनच्या दुकानात आता स्पॅनिश पाट्या लागल्यात, विम्याचा हप्ता वाढलाय, आणि हिलरीला शेतकरी म्हणजे अडाणी वाटतो. मी म्हटलं, ट्रम्प मेक्सिकन लोकांना बलात्कारी म्हणाले ते? तो म्हणाला, 'मी ओबामाला दोनदा मत दिलंय. मला आणखी काय सिद्ध करायचं आहे?'

ओबामाला दिलेलं मत त्यानं पावतीसारखं जपून ठेवलं होतं, आणि वेळ आली तसं दाखवलं.

वैनगंगाकाठचा मास्तर:

सेलूच्या ताई, लिखाण आवडलं. फक्त सरपंचाचं उदाहरण मला पटलं नाही. राखीव जागेवर मतदाराला दुसरा पर्यायच नसतो. उमेदवार सगळे त्याच समाजाचे. तिथं हार घातला तर त्यात मोठेपणा कसला? ओबामा खुल्या जागेवर उभे होते. आपल्या जिल्हा परिषदेच्या खुल्या गटातून किती राखीव समाजाचे लोक पक्षाच्या तिकिटावर उभे राहतात ते मोजा आणि मग तुलना करा.

मी भंडारा जिल्ह्यातला, शाळेतून निवृत्त. आमच्याकडे एक जखम जुनी आहे. १९५४ ला भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली, बाबासाहेब उभे होते. घटना लिहिणारा माणूस, कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर. राखीव जागा, आणि तरी काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरले. राखीव जागेवरही कोण 'आपल्याला चालेल असा' हे बाकीचे ठरवतात, हे आमच्या वडिलांच्या पिढीनं तेव्हाच पाहिलं. ताईंच्या आजी म्हणाल्या ना, 'तो बाकीच्यांसारखा नाही', ते वाक्य मला तिथलंच वाटलं. बाबासाहेबांचं अमेरिकेतल्या या प्रश्नाकडे लक्ष होतं बरं. १९४६ ला त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

आता बाकावरच्या पहिल्या गृहस्थासाठी थोडा इतिहास, कारण २००८ पासून मोजायला सुरुवात केली की सगळंच चुकतं. लिंकनचा रिपब्लिकन पक्ष गुलामी संपवणारा, आणि दक्षिणेतले गोरे शंभर वर्षं डेमोक्रॅट. १९६४ ला लिंडन जॉन्सन या डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षानं नागरी हक्कांचा कायदा केला, पुढच्या वर्षी मतदान हक्काचा. १९६४ च्या कायद्याच्या विरोधात मत देणारे बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकनांचे उमेदवार होते. देशभर आपटले, पण स्वतःचं अॅरिझोना सोडलं तर जिंकले ते मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना. दक्षिण तिथून वळली. १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत गोऱ्यांची बहुसंख्य मतं मिळालेली नाहीत. ओबामांनाही नाही, क्लिंटनलाही नाही, बायडनलाही नाही.

आणि पुढारी यात किती निर्मळ असतात ते जॉर्ज वॉलेसकडे बघून कळेल. १९५८ ला अलाबामाच्या गव्हर्नरकीला उभा राहिला तेव्हा तुलनेनं मवाळ होता, काळ्यांच्या संघटनेचाही त्याला पाठिंबा होता. समोरच्याला कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेषी टोळीचा पाठिंबा. वॉलेस हरला. मग त्यानं सूर बदलला, १९६३ ला गव्हर्नर होताना 'काळ्या-गोऱ्यांची फारकत आज, उद्या आणि कायम' अशी गर्जना केली आणि १९६८ ला तिसरा उमेदवार म्हणून पाच राज्यं घेऊन गेला. उतारवयात काळ्यांची माफी मागून १९८२ ला त्यांच्याच मतांवर पुन्हा गव्हर्नर झाला. अढी लोकांच्या मनात असते, पण तिला पाणी कधी द्यायचं आणि कधी नाही हे पुढारी ठरवतो. नंतरच्यांनी तर नाव घेणंच सोडलं. रेगननी १९८० ला मिसिसिपीच्या नेशोबा जत्रेत 'राज्यांचे अधिकार' म्हटलं. जवळच, १९६४ ला हक्कांसाठी काम करणाऱ्या तीन तरुणांचे खून झाले होते. ऐकणाऱ्याला सगळं समजलं. १९८८ ला डेमोक्रॅटांचे उमेदवार डुकाकिस यांच्याविरुद्ध विली हॉर्टन या काळ्या कैद्याचा फोटो टीव्हीवर फिरवला, तेव्हा विषय म्हणे गुन्हेगारी होता.

नेरचा कृषीवाला:

मास्तर, ताई, मनापासून आभार. आज बाकावर हे मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिल्या गृहस्थानं 'राखीव जागेवर पर्याय नसतो' एवढंच धरून ठेवलं आणि आता तो मास्तरांना आपल्या पार्टीचा समजतो आहे. सावध राहा.

एक राहिलंच. २०१८ ला ट्रम्प यांनी चीनवर कर लावला, चीननं उलट अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के लावला. भाव पडले. तरी २०२० ला आयोवा ट्रम्पकडेच. मग पोटाचं काय झालं? आणि तिथं कर्जमाफी असते का हो? आमच्या पार्लमेंटचा हा मुख्य प्रश्न आहे.

सेलूची सून:

मास्तर, तुमचं खरं. खुल्या जागेचं मी लक्षात घ्यायला हवं होतं, पण उपासाचं मी मागे घेत नाही, ते खुल्या जागेवरच्यालाही येतात!

भाऊ, भाव पडले तेव्हा ट्रम्प सरकारनं दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. शेतकरी बहुतेक गोरे, त्यामुळे पैसे बहुतेक त्यांनाच गेले. याला कोणी जातीवर वाटलेला पैसा म्हटलं नाही.

कर्जमाफीची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. १९२० ला अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास काळे शेतकरी होते. आता पन्नास हजारही नाहीत. जमीन गेली त्याची कारणं बरीच, पण एक मोठं कारण सरकारी कर्ज. गोऱ्याला पेरणीच्या आधी मिळायचं, काळ्याला पेरणी उलटल्यावर किंवा नाहीच. ज्या स्थानिक समितीनं अर्जावर मत द्यायचं ती गावच्या मोठ्या शेतकऱ्यांची. (ओळखीचं वाटतं ना?) काळ्या शेतकऱ्यांनी सरकारवर दावा लावला आणि १९९९ ला तडजोड झाली, त्यातून पुढे सुमारे अब्जभर डॉलर वाटले गेले. पण पुष्कळांचे अर्ज बाद झाले. मग मार्च २०२१ मध्ये बायडन यांनी मदत कायद्यात काळे, लॅटिनो, मूळनिवासी, आशियाई शेतकऱ्यांच्या सरकारी कर्जाच्या माफीसाठी ४ अब्ज ठेवले. कर्जाच्या १२० टक्के देणार होते, वरचे २० कर भरायला. तेव्हाचे कृषिमंत्री टॉम विल्सॅक, आयोवाचेच माजी गव्हर्नर.

गोरे शेतकरी कोर्टात गेले. रंगावर कर्जमाफी म्हणजे आमच्यावर अन्याय, असं म्हणणं. जूनमध्ये विस्कॉन्सिन आणि फ्लोरिडातल्या न्यायाधीशांनी ती थांबवली, आणि २०२२ ला सरकारनं ती तरतूदच रद्द करून 'भेदभाव सोसलेल्यांना' अशा शब्दांत दुसरी आणली. त्यातून २०२४ ला ४३ हजारांवर लोकांना मिळून सुमारे २ अब्ज गेले. मधल्या काळात ज्यांनी 'माफी होणार' या भरवशावर ट्रॅक्टर घेतला ते अडकले. आजींच्या पुतण्याशी मिस्टरांचं तेव्हा फोनवर बोलणं झालं होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की माझंही कर्ज आहे, मी कोणाचं काय केलं? त्या एका तरतुदीवर डेमोक्रॅटांनी आयोवाच्या खेड्यांत किती मतं घालवली, देव जाणे. तरी ती चूक होती असं मी म्हणणार नाही. ज्याचा सातबारा गेला त्याच्याकडून हिशेब केला तर ४ अब्ज म्हणजे काहीच नाही.

पांढरं सोनं:

ताई, मानलं. मंग ते कमलाबाई? आपल्या इकडच्या होत्या म्हणते. त्याहिले काऊन पाडलं?

सेलूची सून:

२०२४ ला ट्रम्पविरुद्ध उभ्या राहिलेल्या कमला हॅरिस यांची आई तमिळ, वडील जमैकाचे. शिकल्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, जे काळ्यांचं म्हणून नावाजलेलं आहे. ३१ जुलै २०२४ ला शिकागोत काळ्या पत्रकारांच्या संमेलनात ट्रम्प म्हणाले की या आधी भारतीयच होत्या, अचानक काळ्या झाल्या. तमिळनाडूत त्यांच्या आजोबांच्या गावात लोकांनी पूजा केली, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या निम्म्या भारतीयांनी ट्रम्पला मत दिलं. महागाई होती, बाई होत्या, तयारीला जेमतेम साडेतीन महिने होते; एका रंगावर खापर फोडता येणार नाही. आणि रंगावरून मत ओळखता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी टेक्सासमधली स्टार काउंटी बघावी. मेक्सिकोच्या सीमेवर, जवळपास सगळी वस्ती लॅटिनो, शंभराहून जास्त वर्षं डेमोक्रॅट. २०२४ ला ट्रम्पनी जिंकली.